घरचा कुत्रा शिकार करू लागला तर: काय करायचं, आणि कोणत्या क्रमानं

कुत्र्यानं शेजारची कोंबडी मारली किंवा बकरीच्या पिलाला धरलं की बहुतेक घरांत पुढचं ठरलेलं असतं. आधी कुत्र्याला मार बसतो. मग दोन दिवस साखळी. मग कुणीतरी सुचवलेल्या ट्रेनरला फोन. आठवड्याभरात कुत्रा पुन्हा मोकळा, कारण ‘आता अक्कल आली असेल’. मग दुसरी शिकार होते, आणि ती पहिलीपेक्षा सफाईदार असते.

यात सगळा घोळ क्रमाचा आहे. आधी जखमी जीव, मग त्याचा मालक, मग कुत्र्याची तपासणी, मग शिकारीची संधी बंद करणं आणि शिकवणी सगळ्यात शेवटी. संधी उघडी ठेवून शिकवणी लावली तर आठवडाभर घोटून घेतलेलं एका खारीत पुसलं जातं. पाठलागाची मजा हेच कुत्र्याचं बक्षीस असतं. ते तुमच्या हातातल्या बिस्किटापेक्षा कितीतरी मोठं आहे.

सुरू करण्याआधी एवढं डोक्यात पक्कं बसू द्या: शिकार हा राग नाही. कुत्र्यात ती साखळीसारखी येते. नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, झटका देऊन मारणं, फाडणं, खाणं. माणसानं वेगवेगळ्या जातींत या साखळीच्या वेगवेगळ्या कड्या जोपासल्या. मेंढपाळी जातींत नजर आणि पाठलाग तीव्र, लॅब्रॅडॉरमध्ये तोंडात धरून आणणं. कारवान आणि मुधोळ हाउंडला हलणारी वस्तू दिसली की पाय आपोआप सुटतात, बीगल नाकामागे जातो. आपला गावठी कुत्रा बहुधा पूर्ण साखळी बाळगून असतो. पोट भरलेलं असूनही तो मारतो. त्यामुळे ‘जास्त खायला घाला’, ‘मटण बंद करा, रक्ताची चटक लागलीय’ हे सल्ले कामाचे नाहीत. नसबंदीनं नर कुत्र्याचं भटकणं कमी होतं, ती त्यासाठी जरूर करा. शिकार तिनं थांबत नाही.

टप्पा १: पहिली काही मिनिटं

कुत्र्याच्या तोंडात जीव असेल तर ओढू नका. ओढल्यानं दातांची भोकं चिरत जातात आणि वाचू शकणारं जनावर हातचं जातं. ओरडूही नका, कुत्र्याला तुमचा आरडाओरडा ‘मालकही सामील झाला’ असा वाटतो.

१. पळत नाही, चालत जा. मागून जाऊन आधी पट्टा अडकवा. त्याआधी काहीही नको.

२. कुत्र्याचं धड दोन पायांमध्ये घ्या, गळपट्टा कानांच्या अगदी मागे धरून वर स्थिर ठेवा. डोकं झटकायला जागा मिळता कामा नये.

३. दुसरं माणूस असेल तर त्यानं धरलेल्या जनावराला आधार द्यावा. बकरी जितकी तडफडते तितकी पकड घट्ट होते.

४. तोंडावर बादलीभर पाणी टाका. कुलरसाठी अंगणात पाइप असतोच, तो सुरू करा. छोटी शिकार असेल तर नाकाशी उकडलेलं चिकन धरूनही पुष्कळ कुत्रे सोडतात.

५. सोडलं की तोंड फिरवून सरळ खोलीत किंवा बाथरूममध्ये बंद करा. मार नाही, भाषण नाही.

⚠ जबड्यात हात घालू नका. हाताला दात लागलाच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा. तिच्यात हळद, चुना, मिरची काही भरू नका. मग थेट सरकारी रुग्णालय, नागपुरात असाल तर मेडिकल किंवा मेयो, गाठा. घरच्याच कुत्र्याचा दात लागला असला तरी लस घ्यायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं, घरच्यांनी नाही.

मारण्याबद्दल स्पष्ट सांगतो. शिकारीनंतर दिलेला मार कुत्रा शिकारीशी जोडत नाही, तो तुमच्या जवळ येण्याशी जोडतो. पुढच्या वेळी तोंडात कोंबडी घेऊन तो तुमच्यापासून लांब पळेल, म्हणजे वाचवण्याची जी दोन मिनिटं होती तीही गेली. मेलेली कोंबडी गळ्यात बांधून ठेवण्याचा जुना उपाय अजूनही लोक सांगतात. त्यातून कुत्र्याला कुजका वास आणि जंत मिळतात, बाकी काही नाही.

टप्पा २: जखमी जनावर

दाताची जखम फसवी असते. वर तांदळाएवढं भोक दिसतं आणि आत स्नायू चिरडलेले असतात. ‘चालतेय की बकरी, काही नाही झालं’ म्हणून घरी नेलेली बकरी दोन-तीन दिवसांत जखम सडून जाते. म्हणून चालत असली, चारा खात असली तरी डॉक्टर हवाच.

बकरी असेल तर मान, मांड्यांची आतली बाजू आणि मागचे पाय केस बाजूला करून बघा. रक्त येत असेल तिथं स्वच्छ कापड दाबून धरा, पुन्हा पुन्हा उचलून पाहू नका. जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना किंवा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक. नागपूर शहरात असाल तर व्हेटर्नरी कॉलेज आहे. डॉक्टरांना तुमच्या कुत्र्याचं रेबीज लसीकरण चालू आहे की नाही हे न विचारता सांगा. लस चुकलेली असेल तर बकरीला चाव्यानंतरची लस लागू शकते आणि तो निर्णय लगेच व्हायला हवा.

कोंबडी, पोपट, कबुतर, खार यांना भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध तर नाहीच. धक्क्यातला पक्षी निपचित पडतो, तो मेला असं समजून फेकून देऊ नका.

रानातला जीव असेल, म्हणजे मोर, घोरपड, मुंगूस, ससा, रानमांजर, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, आपल्या सुदैवानं. मोर आणि घोरपड दोन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना बरं करण्यासाठीही घरी ठेवून घेणं अंगाशी येऊ शकतं. कुत्रा तुमचा होता हे लपवू नका. कुणाचे दात लागले यावर उपचार ठरतो.

✔ पुढे जाण्याआधी: जनावर डॉक्टरकडे पोचलं का? कुत्रा बंद दाराआड आहे का? आणि ते दार पोरं उघडणार नाहीत ना?

टप्पा ३: मालकाकडे त्याच दिवशी जा

उद्या नाही, आजच. मालकाला कुणीतरी येऊन सांगण्याआधी तुम्ही सांगितलेलं बरं. बोलणं लांबवायचं नाही: “मावशी, आमच्या कुत्र्यानं केलं, चूक आमची. आधी डॉक्टरकडे नेऊ, पैशाचं मग बोलू जी.” एवढं पुरे. ‘पण तुमच्या बकऱ्या आमच्या गेटपाशी का चरतात’ हा मुद्दा खरा असला तरी त्या दिवशी काढायचा नाही.

औषधाचा खर्च आधी द्या. जनावर गेलं असेल तर बाजारभाव विचारा, आणि ती गाभण होती का, दुभती होती का, हेही विचारा. दूध विकून घर चालवणाऱ्या बाईला नुसती बकरीची किंमत देऊन भागत नाही. दिलेले पैसे, तारीख, कुत्र्याच्या लसीची नोंद हे साध्या कागदावर लिहा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. हा कागद दोघांच्या सोयीचा असतो.

कुणी ‘विष घालतो’ म्हणालं तर वाद घालू नका. जनावराला विष घालणं गुन्हा आहे हे खरं. पण ती धमकी बहुतेक वेळा भरपाईच्या बोलण्याला उशीर झाल्यामुळे आलेली असते. भरपाई द्या आणि कुत्रा दिसेनासा करा, ती आपोआप विरते.

घरात एखाद्याला कुत्र्याकडे बघवत नाही, त्याच्या तोंडाला हात लावायला नको वाटतं. हे साहजिक आहे, चार-आठ दिवसांत ओसरतं. तोवर जेवण-पाणी दुसऱ्या कुणी बघावं. लहान मुलांनी पाहिलं असेल तर ‘तो वाईट झाला’ असं सांगू नका. त्याला कोंबडी आणि चेंडू यातला फरक आपल्यासारखा कळत नाही आणि आता त्याला दोरीवर ठेवणं आपलं काम आहे, असं सांगा. मुलांना ते पटतं. मोठ्यांनाच पटायला वेळ लागतो.

टप्पा ४: कुत्र्याची तपासणी

शिकार करणाऱ्यालाही लागतं. डोळे, ओठ, जीभ, पंजे बघा. मुंगूस आणि घूस नाकावर नि ओठावर चावतात आणि केसांत ते दिसत नाही. चावा सापडला तर लसीकरण चालू असलं तरी डॉक्टरांना दाखवा, रेबीजचा बूस्टर लागू शकतो.

उंदीर खाल्ला असेल तर प्रश्न उंदराचा नाही, त्याच्या पोटातल्या उंदीर मारायच्या औषधाचा. रक्त न गोठू देणाऱ्या औषधाचा परिणाम काही दिवसांनी दिसतो: हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त, काळी शी, मरगळ. त्याला उतारा आहे, म्हणून वेळेत जाणं महत्त्वाचं. झिंक फॉस्फाइडचं औषध मात्र तासांत काम करतं. त्यात पोटात विषारी वायू तयार होतो. काही खाऊ-पिऊ घालू नका, मीठ घालून ओकारी काढू नका, निघा. औषधाचं पाकीट मिळालं तर सोबत न्या.

पावसाळ्यात बेडूक धरून फेस गाळणारा कुत्रा दिसला तर डोकं खाली आणि एका बाजूला धरून तोंड पाण्यानं धुवा. पाणी घशात नाही, बाहेर पडलं पाहिजे. सापाशी गाठ पडली असा संशय असेल तर कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला, आवळून बांधू नका, चिरू नका. घोणस (आपल्या भागातली परड) चावली तर सूज आणि रक्तस्राव, नाग किंवा मण्यार चावला तर पाय लटपटणं आणि पापण्या पडणं. निघण्याआधी दवाखान्यात फोन करून सर्पविषावरचं प्रतिविष (अँटिव्हेनम) आहे का विचारा. नसलेल्या दवाखान्यात पोचून परत फिरण्यात जीव जातो.

यासोबत जंताचं औषध आणि लेप्टोस्पायरोसिसचा (उंदराच्या लघवीतून पसरणारा रोग) अंश असलेली लस चालू आहे का ते बघा.

⚠ दोन बाबतींत हा लेख बाजूला ठेवा. लस न घेतलेला कुत्रा अचानक दिसेल त्याला चावू लागला असेल तर त्याला हात लावू नका, बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा. आणि कुत्रा रांगणाऱ्या किंवा पळणाऱ्या लहान मुलाकडे आवाज न करता, तोंड मिटून, दबा धरल्यासारखा बघत असेल तर आजच मूल आणि कुत्रा वेगळे करा, वर्तनतज्ज्ञ गाठा.

टप्पा ५: संधी बंद करा

इथं सगळ्यात जास्त कंटाळा केला जातो आणि इथंच सगळं ठरतं. वहीचं एक पान घ्या: कोणत्या वेळी, कुठून, कशाच्या मागे. आठ दिवसांत चित्र उमटतं. बहुतेकदा दोनच वाटा निघतात, गेटखालची फट आणि पहाटेची ‘जरा मोकळा सोडतो’ वेळ.

गेट. खालची फट दोन इंचांपेक्षा जास्त नको. पट्टी वेल्ड करून घ्या किंवा आतून जाड जाळी लावा. ‘गेट लावा’ची पाटी दूधवाल्यासाठी, कामाला येणाऱ्या ताईंना तोंडी सांगा आणि गेटला परत येणारी स्प्रिंग बसवा. पाटीपेक्षा स्प्रिंग भरवशाची.

भिंत. मध्यम आकाराचा चपळ कुत्रा चार फुटांची भिंत सहज चढतो. सहा फूट तरी हवी. भिंतीला टेकलेला कुलरचा स्टँड, विटांचा ढीग, जुनी टाकी म्हणजे त्याची शिडी, ती हलवा. खणून जाणारा असेल तर भिंतीच्या पायथ्याशी आतल्या बाजूला दीड फूट जाळी जमिनीवर आडवी टाकून वर माती आणि दगड घाला. कुत्रा भिंतीला चिकटून खणतो, मागे सरून खणायचं त्याला सुचत नाही.

खुराडं. इथं हमखास चूक होते. बाजारात मिळणारी पातळ षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तो ती दातांनी फाडतो. अर्ध्या किंवा एक इंचाची वेल्डेड जाळी घ्या, नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीत मापाची कापून मिळते. तळालाही लावा. शेजाऱ्याचं खुराडं असेल तर जाळीचा खर्च तुम्ही उचला. दुसऱ्या बकरीपेक्षा ती स्वस्त पडते.

बाहेर. आता मोकळं सोडणं बंद. ‘फक्त आपल्या लेआउटमध्ये’ सुद्धा नाही. मानेवर ताण येणार नाही असा छातीचा हार्नेस, त्याला सहा फुटांचा साधा पट्टा. बटण दाबून लांब होणारा दोरीचा पट्टा वापरू नका. कुत्रा सुसाट सुटला की त्याचं लॉक तुटतं आणि पातळ दोरी तुमची बोटं कापते.

आणि रिकामे प्लॉट. नागपूरच्या बेसा, मनीषनगर, वाठोड्याकडच्या नव्या लेआउटांत कुत्रा सोडायला लोकांना रिकामा प्लॉट बरा वाटतो, कारण तिथं ‘काही नसतं’. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत आणि पुढेही टिटवी त्याच प्लॉटवर उघड्या जमिनीत अंडी घालते. घरटं म्हणजे चार खडे गोळा केलेला खळगा. अंडी मातीच्याच रंगाची, ठिपक्यांची, तुम्हाला पायाखाली येईतो दिसत नाहीत. कुत्र्याला दिसतात, कारण टिटवी ओरडत डोक्यावरून झेपावते आणि तो ती आली तिकडे निघतो. टिटवी ओरडू लागली की तिथून उलट फिरा.

✔ पुढे जाण्याआधी: सलग दोन आठवडे एकही पाठलाग नाही. पकड नाही म्हणजे झालं असं नाही. पाठलाग झाला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

टप्पा ६: तोंडाला जाळी

मझल म्हणजे शिक्षा नाही, पण चुकीचं मझल जीवघेणं ठरतं. कापडी, तोंड घट्ट मिटवणारं मझल दवाखान्यात दोन मिनिटांसाठी असतं. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा मिटलेल्या तोंडानं फिरवलेला कुत्रा उष्माघातानं कोसळू शकतो. टोपलीसारखं मझल घ्या, ज्यात त्याला पूर्ण जबडा उघडता येतो, जीभ बाहेर काढता येते आणि पाणी पिता येतं.

घातलं आणि निघालो असं करू नका. आधी टोपलीच्या आत दही फासा आणि त्याला स्वतःहून नाक घालू द्या. दोन-चार दिवसांनी नाक आत असताना मझलचा मागचा बंद क्षणभर लावा, सोडा. हळूहळू वेळ वाढवा. पंजानं ओरबाडू लागला तर तुम्ही घाई केली, एक पायरी मागे या.

⚠ मझल घातलेला कुत्रा खारीला पंजानं दाबून मारू शकतो. गल्लीतले कुत्रे अंगावर आले तर त्याला स्वतःला वाचवता येत नाही. म्हणून मझल नेहमी पट्ट्यासोबत, आणि त्याला एकटं सोडताना कधीच नाही.

टप्पा ७: शिकवणी

साहित्य: हार्नेस, तीस फुटांची हलकी पण मजबूत दोरी, हातमोजे, शिट्टी, आणि उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे. रोजची बिस्किटं इथं चालत नाहीत. दोरी गळपट्ट्याला अडकवू नका, हार्नेसला. आणि हाताला गुंडाळू नका.

पहिली पायरी, हाक. ‘ये’ हा शब्द बहुतेक घरांत वापरून वापरून बोथट झालेला असतो. आंघोळीला ये, औषधाला ये, रागावतोय ये. म्हणून शिट्टी घ्या. घरात शिट्टी, लगेच चिकन. रोज काही वेळा, घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीनं वाजवून. मग अंगणात, मग गल्लीत पट्ट्यावर, मग मैदानात लांब दोरीवर. दहापैकी नऊ वेळा वळला तरच पुढची जागा. शिट्टी वाजवून कधीही रागवायचं नाही, नखं कापायला धरायचं नाही.

दुसरी पायरी, बघणं. इथं घाई करणारे फसतात. फुटाळा तलावाच्या बाजूला किंवा घराजवळच्या एखाद्या बागेत जिथं खारी दिसतात अशी जागा निवडा, पण इतक्या लांब की कुत्र्याला खार दिसते आणि तरी तो तुमच्या हातचं खातो. पन्नास पावलं लागली तर पन्नास. खायला नकार दिला म्हणजे अंतर कमी आहे; समजावत बसू नका, मागे या.

आता कुत्र्याकडे बघा, खारीकडे नाही. गरमीत त्याचं तोंड उघडं असतं, जीभ बाहेर लोंबत असते. खार दिसली की तोंड मिटतं. शेपूट हलता हलता थांबते, कान पुढे येतात, वजन पुढच्या पायांवर जातं, एखादा पंजा जमिनीपासून दोन बोटं उचलला जातो. तोंड मिटणं ते धावणं यात एक-दोन श्वासांचा अवधी मिळतो, आणि तुमचं सगळं काम त्या अवधीत आहे. धावू लागल्यावर कान बंद होतात. तोंड मिटलं की हळू आवाजात ‘शाब्बास’ म्हणा. कान तुमच्याकडे वळला, मान जराशी हलली की चिकनचा तुकडा खारीच्या विरुद्ध दिशेला गवतात फेका. त्याला धावायचंच असतं, तुम्ही धावायची दिशा दिलीत.

पाच-दहा मिनिटांत थांबा. ‘आज छान करतोय, अजून थोडं जवळ जाऊ’ हा मोह आवरा. अंतर आठवड्याला काही पावलांनीच कमी करायचं. खारीपासून सुरुवात करा, कारण ती झाडावर चढते आणि वाचते. कोंबड्या, बकऱ्या, मांजर यांच्यावर सराव करू नका. दुसऱ्याच्या जिवावर परीक्षा घ्यायची नसते.

तिसरी पायरी, ‘सोड’. घरात, खेळण्यावर. तोंडातली वस्तू सोडली की जास्त चांगली वस्तू, आणि मग पहिलीही परत. परत मिळते हे कळलं की तो सोडायला कचरत नाही. हिसकावून घेतलेल्या कुत्र्याला गिळायची घाई होते.

विजेचा झटका देणारे पट्टे ऑनलाइन मिळतात आणि लोक मागवतात. माझं मत स्वच्छ आहे: नको. झटका बसताना कुत्र्याला समोर बकरी दिसत असेल तशी शेजारची मुलगीही दिसत असते. तो वेदना कुणाच्या नावावर मांडेल हे तुमच्या हातात नाही.

टप्पा ८: त्याची हौस भागवा

शिकारीची साखळी दाबून टाकता येत नाही, तिला दुसरं काम देता येतं. बांबूला दोरी, दोरीला जुनं फडकं. ‘थांब’, मग पाठलाग, मग पकड, मग ‘सोड’. पाच मिनिटं पुरे, नाहीतर नुसता चेकाळतो. पिलांना आणि सांधे दुखणाऱ्यांना हे देऊ नका. रोजच्या जेवणातला काही भाग गवतात विखरून किंवा जुन्या पोत्याच्या घड्यांत लपवून नाकानं शोधायला लावा. रिकामं खोकं फाडू द्या. घरभर पुठ्ठा होतो, होऊ द्या. उन्हाळ्यात सकाळी साडेपाचनंतर रस्ते तापायच्या आत फिरणं आणि दुपारी कुलरसमोर नाकाचे खेळ, एवढ्यावर दिवस निभतो.

टप्पा ९: वर्षातले धोक्याचे दिवस

संक्रांतीच्या आसपास मांजात अडकलेले पक्षी गच्चीवर आणि अंगणात पडतात. गच्चीचं दार बंद ठेवा, सकाळी कुत्र्याआधी स्वतः फेरी मारा. पावसाळ्यात बेडूक आणि साप, म्हणून अंगणातलं गवत कापलेलं आणि रात्री टॉर्च. पोळ्याला बैल गल्लीतून फिरतात, ताशांचा गजर असतो; कुत्रा आतल्या खोलीत. सोयाबीन-कापूस निघाल्यावर शेतं उघडी पडतात आणि ससे, तितर सहज दिसतात, तेव्हा उमरेड किंवा कळमेश्वरकडच्या शेतावर नेताना ‘गावी आहे, मोकळा फिरू दे’ हा विचार मनात येतो. तो गाडीतच सोडा. जंगलाच्या कडेला तर दुहेरी धोका आहे: कुत्रा चितळामागे लागतो आणि बिबट्या कुत्र्यामागे. शिवाय कुत्र्यांतला डिस्टेंपर हा रोग रानातल्या मांसाहारी प्राण्यांना होतो, म्हणून त्याचीही लस हवी.

टप्पा १०: जमत नसेल तर

महिनोन्‌महिने नीट काम केल्यावर पुष्कळ कुत्रे पट्ट्यावर शांत चालू लागतात. मोकळं सोडता येईल असे त्यांतले थोडे. ज्यानं एकदा मांजर मारलं त्या घरात नवं मांजर आणू नका, असं मी सरळ सांगतो. घरच्या कोंबड्यांशी तो ‘चांगला वागतो’ हे तुम्ही समोर असताना खरं असतं. पंख फडफडले आणि तुम्ही आत असाल तर तो भरवसा धरता येत नाही. मोठा शिकारी कुत्रा आणि मुठीएवढं पिल्लू यांना एकत्र पळायचा खेळ खेळू देऊ नका. पळता पळता खेळाची शिकार होते.

वस्तीत घरोघरी बकऱ्या आहेत, भिंत बांधणं परवडत नाही, घरात दिवसभर कुणी नसतं, असं असेल तर दुसरं घर शोधणं हा पळपुटेपणा नाही. बंद आवाराचं, आजूबाजूला कोंबड्या-बकऱ्या नसलेलं, दोन वेळा फिरवणारं माणूस असलेलं घर हवं. ‘शेतावर सोडून देऊ’ हे मात्र नाही; शेतावर तो जास्त मारेल आणि शेवटी कुणाच्या तरी काठीनं मरेल. रस्त्यावर सोडणं तर कायद्यानंही क्रूरता ठरते.

देताना त्यानं काय मारलं, कधी मारलं, हे सगळं लेखी द्या, लसीच्या कार्डासोबत. मझल, हार्नेस, शिट्टी आणि लांब दोरीही द्या आणि शिट्टी कशी वाजवायची ते नव्या माणसाकडून समोर करून घ्या. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा फोन करा आणि फक्त एवढंच विचारा: पट्ट्याशिवाय सोडला का?